नानकटाईची वडी : पत्रा आपला, हिशोबही आपला

दुपारचं आवरून कुणी शेंगा फोडत बसली असेल, कुणी शिलाई मशीनवर असेल, कुणी नुसतीच जरा पाठ टेकली असेल. हातातलं काम चालू राहू द्या. फक्त जवळ एक वही आणि पेन ठेवा, कारण आज पाककृतीबरोबर आकडेही सांगणार आहे.

विषय आहे नानकटाई. दिवाळीच्या आधीचे दिवस आठवा. घरातून मैदा, तूप, साखर, वेलदोडे पिशवीत भरून आईबरोबर भट्टीवर जायचं. तिथं बायकांची रांग. आपला नंबर लागला की आई परातीत तूप-साखर फेसायची आणि आपण शेजारी बसून छोटे छोटे गोळे वळून पत्र्यावर मांडायचे. पत्रा भट्टीत गेला की तो वास! पत्र्याचे डबे भरून घरी आणायचे आणि डब्याला हात लावायला मात्र लक्ष्मीपूजनापर्यंत बंदी. आपल्यापैकी बऱ्याच जणींचं हे लहानपण आहे.

ही नानकटाई आपल्याकडं आली सुरतेहून. तिथं डच व्यापाऱ्यांची बेकरी होती, ती पुढं एका पारशी कारागिराकडं आली आणि त्यातून हा प्रकार निघाला, असं सांगतात. ‘नान’ हा फारसी शब्द, म्हणजे रोटी किंवा पाव. पण आता ती इतकी आपली झाली आहे की चकली-करंजीच्या ताटात तिची जागा ठरलेली असते.

आज मी सांगणार आहे ती नानकटाईच, पण गोळे न वळता एका पत्र्यात थापून, भाजून, वडीसारखी कापलेली. चव तीच, वास तोच, तोंडात टाकली की विरघळणं तेच. मग वडी कशाला करायची? त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण वेळ. दोन किलो नानकटाईचे गोळे वळायचे तर ऐंशी गोळे होतात. प्रत्येक गोळा सारखा हवा, चपटा करायचा, वर चारोळी दाबायची. वडीला हे काही नाही. पीठ पत्र्यात थापलं, सुरीनं रेघा मारल्या, झालं.

दुसरं कारण वजन. हातानं वळलेला एक गोळा वीस ग्रॅमचा तर दुसरा तीस ग्रॅमचा निघतो. विकताना हीच अडचण येते. वडी पट्टी लावून कापली की सगळे तुकडे जवळजवळ सारखे होतात. पाव किलोच्या डब्यात दहा वड्या, हे गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगता येतं.

तिसरं कारण भट्टी. गोळे भाजायला चारी बाजूंनी सारखी उष्णता लागते, नाहीतर ते पसरतात किंवा खालून करपतात. वडीला पत्र्याच्या कडांचा आधार असतो, ती पसरत नाही. त्यामुळं ती घरच्या जाड पातेल्यातसुद्धा चांगली भाजली जाते. म्हणजे भट्टीची रांग नको आणि ओव्हनसाठी कर्ज नको.

सामान आणि प्रमाण

आता वहीत लिहून घ्या. हे प्रमाण अर्ध्या किलो वडीचं आहे.

कणीक 125 ग्रॅम. ज्वारीचं पीठ 50 ग्रॅम. बेसन 50 ग्रॅम. बारीक रवा 25 ग्रॅम. हे सगळं मिळून 250 ग्रॅम झालं. तूप 150 ग्रॅम. पिठीसाखर 125 ग्रॅम. वेलदोड्याची पूड अर्धा चमचा, थोडं जायफळ, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर पाव चमचा. वर लावायला चारोळी किंवा पिस्त्याचे काप.

लक्षात ठेवायला सोपं सूत्र सांगते. पीठ जेवढं, त्याच्या निम्मी साखर आणि निम्म्याहून थोडं जास्त तूप. घरापुरती करायची असेल तर वाटीनं मोजा : मिळून तीन वाट्या पीठ, दीड वाटी पिठीसाखर आणि एक वाटी शिगोशीग तूप. विकायची असेल तर मात्र वाटी नको, वजनकाटा वापरा. एकीची वाटी दाबून भरते, दुसरीची सैल. मग या आठवड्याची वडी खुसखुशीत आणि पुढच्या आठवड्याची भुगा, असं होतं. गिऱ्हाईक एकदा चव घेऊन परत येतं ते तीच चव मिळेल या भरवशावर.

आता प्रत्येक जिन्नस कशासाठी आहे तेही समजून घेऊ. ते समजलं की अंदाज चुकत नाही, आणि एखादी वस्तू नसली तर काय करायचं तेही सुचतं.

कणकेत चिकटपणा असतो. पोळीला तो हवा, म्हणून आपण कणीक मळून मळून तिंबतो. नानकटाईला तोच चिकटपणा नको असतो. जास्त मळलं की वडी कडक होते, दाताला लागते. तूप इथं मोठं काम करतं. ते पिठाच्या कणाकणाला चोळलं जातं आणि चिकटपणा धरू देत नाही. शंकरपाळ्याला आपण मोहन घालतो ते याचसाठी. नानकटाईत मोहन भरपूर, एवढाच फरक.

ज्वारीत पोळीसारखा चिकटपणा नसतोच, म्हणून तर भाकरी लाटत नाहीत, थापतात. तो गुण इथं उपयोगी पडतो. शाळूचं बारीक दळलेलं पीठ घातलं की वडी खुसखुशीत होते आणि नुसत्या मैद्याच्या नानकटाईत नसलेला खमंगपणा येतो. पण ज्वारी जास्त झाली की वडीला धरून ठेवणारं काही राहत नाही आणि कापताना चुरा होतो. म्हणून एकूण पिठाच्या पाचवा हिस्सा ज्वारी. फार तर पाव हिस्सा, त्याच्या वर जाऊ नका.

बेसन रंग आणि वास देतं. पातेल्यात भाजताना उष्णता बेताची असते, म्हणून बेसन आधी मंद आचेवर पाचेक मिनिटं कोरडंच परतून घ्या. कच्चट वास राहत नाही. रव्यामुळं खाताना किंचित कुरकुरीत लागतं.

तूप घट्ट, रवाळ हवं. पातळ केलेलं तूप घालू नका. घट्ट तूप साखरेबरोबर फेसलं की त्यात हवा धरली जाते आणि त्या हवेनं वडी हलकी होते. पातळ तुपात हवा धरतच नाही, वडी तेलकट आणि दडस होते. उन्हाळ्यात तूप आपोआप पातळ होतं, तेव्हा भांडं माठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून घट्ट करून घ्या.

सोडा किंवा बेकिंग पावडर अगदी थोडी. गोल नानकटाईला वरून भेगा पडायला हव्यात, म्हणून तिथं सोडा लागतो. वडीला भेगा नकोत. जास्त सोड्यानं साबणासारखी चव येते.

कृती

सात इंची चौकोनी डबा घ्या, केकचा अॅल्युमिनियमचा किंवा स्टीलचा. त्यात बटर पेपर असा घाला की दोन बाजूंनी थोडा बाहेर लोंबेल. भाजून गार झाल्यावर त्या दोन टोकांना धरून अख्खी वडी बाहेर काढता येते.

परातीत तूप आणि पिठीसाखर घ्या आणि तळहातानं एकाच दिशेनं फेसा. सुरुवातीला पिवळसर दिसेल, मग हळूहळू पांढरं आणि हलकं होईल. दहा मिनिटं तरी लागतात. त्या दहा मिनिटांची घाई करू नका, वडीचा निम्मा गुण त्यातच आहे. चिमूटभर मिश्रण वाटीभर पाण्यात टाकून बघा. तरंगलं तर झालं.

आता सगळी पिठं, बेकिंग पावडर, मीठ, वेलदोडे, जायफळ एकत्र चाळून घ्या आणि फेसलेल्या तुपात मिसळा. इथं मळायचं नाही, बोटांच्या टोकांनी नुसतं गोळा करायचं. मूठभर पीठ दाबून बघा. मुटका झाला आणि बोटानं ढकलल्यावर मोडला तर प्रमाण बरोबर. मुटका होतच नसेल तर चमचाभर तूप वाढवा. पाणी किंवा दूध घालू नका. घरात दोन दिवसांत संपणार असेल तर दूध चालतं, पण विकायच्या मालात ओलावा गेला की टिकण्याचे दिवस कमी होतात.

पीठ डब्यात पसरा आणि सपाट तळाच्या वाटीनं सगळीकडं सारखं दाबा. जाडी दीड सेंटिमीटरच्या आत, म्हणजे बोटाच्या जाडीएवढी. कोपऱ्यांत नीट दाबा, तिथंच वडी पातळ राहते आणि करपते. मग पट्टी ठेवून सुरीनं एका बाजूनं चार आणि दुसऱ्या बाजूनं पाच भाग पाडा. वीस वड्या झाल्या, भाजल्यावर एक साधारण पंचवीस ग्रॅमची. प्रत्येकीवर चारोळी दाबा. डबा अर्धा तास गार जागी ठेवा, तूप पुन्हा घट्ट होऊ द्या.

भाजणं

जाड बुडाचं पातेलं किंवा मोठा कुकर घ्या. कुकर असेल तर झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून ठेवा. हे विसरायचं नाही. इथं आपल्याला वाफेचा दाब नको, नुसती कोरडी उष्णता हवी. तळाला बोटभर जाड मिठाचा थर द्या, त्यावर एक तिवई किंवा उलटी ताटली ठेवा. झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. मग पीठाचा डबा आत ठेवा, आच अगदी मंद करा आणि पस्तीस ते चाळीस मिनिटं भाजा. पातेलं असेल तर झाकणाला किंचित फट ठेवा, नाहीतर वाफेचे थेंब वडीवर पडतात. ते मीठ स्वयंपाकात घेऊ नका, पण डब्यात भरून पुढच्या भाजणीला पुन्हा पुन्हा वापरा.

कुणाकडं ओव्हन असेल तर 160 अंशांवर दहा मिनिटं तापवून घ्या आणि तीस मिनिटं भाजा. आणि गावातल्या भट्टीवरच करून आणायची असेल तर भट्टीवाल्या दादांना सांगा की पाव काढून झाल्यावर, भट्टी जरा उतरल्यावर आमचा पत्रा घाला. पावाची आच वडीला सोसत नाही.

झालं कसं ओळखायचं? पातेल्यात उष्णता खालून येते, त्यामुळं वरून रंग फारसा येत नाही. वरचा रंग बघत बसलात तर खालून करपेल. कडा बघा. कडा बदामी झाल्या, डब्यापासून केसभर सुटल्या आणि बेसनलाडवाचा वास घरभर झाला की गॅस बंद करा. बोट लावलं तर मधोमध अजून मऊ लागेल. घाबरू नका, गरम असताना ती मऊच असते. तूप गार होऊन घट्ट होतं तेव्हा वडी आवळते.

म्हणून कापण्याची वेळ फार महत्त्वाची. डबा बाहेर काढल्यापासून पाच मिनिटांच्या आत, आधी मारलेल्या रेघांवरूनच पुन्हा सुरी खालपर्यंत दाबून घ्या. ओढायची नाही, सरळ दाबायची. मग तशीच डब्यात ठेवा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. तासभर तरी जाईल. गरम उचलली तर मोडते. गार झाल्यावर कापायला घेतली तर चुरा होतो. गरम असताना काप, गार झाल्यावर उचल, एवढं एक वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवा.

काही बिघडलंच तर कारण असं शोधा. वडी कडक झाली : पीठ मळलं गेलं, किंवा जास्त वेळ भाजली. चुरा झाला : तूप कमी, ज्वारी जास्त, किंवा कापायला उशीर. तेलकट लागली : तूप पातळ होतं. खालून काळी : मिठाचा थर पातळ किंवा आच मोठी. मधे कच्ची : थर जाड झाला.

तूप कोणतं, गूळ चालेल का

हे दोन प्रश्न प्रत्येक बैठकीत येतात. भट्टीवर पूर्वी नानकटाई बहुतेक वनस्पती तुपातच व्हायची, ज्याला आपण सरसकट डालडा म्हणतो. ते स्वस्त पडतं आणि उन्हाळ्यातही घट्ट राहतं. पण वनस्पती तयार होताना त्यात ट्रान्स फॅट नावाचा घटक येतो आणि तो हृदयाला वाईट. म्हणूनच सरकारनं जानेवारी 2022 पासून तेल-तुपातलं त्याचं प्रमाण 2 टक्क्यांच्या आत आणायला लावलं आहे. माझं म्हणणं, गटानं साजूक तूप वापरावं. आपल्या घरात दूध आहे, कढवलेल्या तुपाची चव आहे, आणि गिऱ्हाईक आपल्याकडं येतं ते त्याच चवीसाठी. पण काहीही वापरलंत तरी डब्यावर खरं लिहा. अर्धं साजूक आणि अर्धं वनस्पती असेल तर ‘साजूक तुपातली’ असं लिहू नका.

गूळ चालतो. बारीक चाळलेली कोरडी गूळ पावडर घ्या, कारण ओल्या गुळातलं पाणी वडीला मऊ करतं. गूळ लवकर करपतो, म्हणून आच आणखी मंद ठेवा. वडी रंगानं गडद आणि जरा मऊसर होते. पण ‘गुळाची आहे, शुगरवाल्यांना चालेल’ असं कुणालाही सांगू नका. गूळही रक्तातली साखर वाढवतो. आपल्या एका शब्दावर एखादी मावशी रोज चार वड्या खाईल.

आता हिशोब

इथं जरा कान देऊन ऐका. गटांच्या बैठकांमधून फिरताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माल सुरेख असतो, गिऱ्हाईक खूश असतं, आणि सहा महिन्यांनी बायका म्हणतात, ‘ताई, सगळं केलं पण हातात काही उरत नाही.’ वही उघडली की दिसतं, सामानाचा खर्च पै न पै लिहिलेला आहे. स्वतःच्या मजुरीचा रकाना मात्र रिकामा आहे.

दोन किलो वडीचा हिशोब करू, म्हणजे वरच्या प्रमाणाच्या चौपट. भाव मी उदाहरणासाठी धरते आहे. तुम्ही तुमच्या बाजाराचे भाव घाला.

तूप 600 ग्रॅम, 600 रुपये किलोनं 360 रुपये. सगळी पिठं, साखर, वेलदोडे, चारोळी मिळून 96 रुपये. सामान झालं 456 रुपयांचं. गॅस 25 रुपये. पाव किलोचे आठ डबे आणि लेबलं 48 रुपये. जाण्यायेण्याचा खर्च, मोडतोड, चाखायला दिलेले तुकडे, यासाठी 31 रुपये. बेरीज 560 रुपये.

बहुतेक गट इथंच थांबतात. 560 भागिले आठ, डबा पडला 70 रुपयांना. मग 80 रुपयांना विकू, डब्यामागं दहा रुपये सुटले. आठ डब्यांचे 80 रुपये. सगळ्या खूश.

पण या दोन किलोला दोघी जणी तीन-तीन तास लागल्या. म्हणजे सहा तास. 80 भागिले सहा. तासाला 13 रुपये. खुरपायला गेलं तरी यापेक्षा जास्त मिळतात! म्हणजे तो नफा नव्हताच, आपलीच मजुरी होती आणि तीसुद्धा निम्म्याहून कमी.

आता बरोबर हिशोब मांडू. तासाला 40 रुपये मजुरी धरली तर सहा तासांचे 240. 560 अधिक 240, बरोबर 800 रुपये. डबा पडला 100 रुपयांना. 80 ला विकला तर प्रत्येक डब्यामागं वीस रुपयांचा तोटा. 130 ला विकला तर मजुरी सुटून डब्यामागं 30 रुपये, आठ डब्यांचे 240 रुपये गटाच्या खात्यात. त्यातूनच पुढचं तूप घाऊक भावानं आणता येतं, वजनकाटा घेता येतो, एखादीची नड भागवता येते.

‘एवढ्याला कोण घेईल?’ हा प्रश्न येणारच. एका गटात एक आजी म्हणाल्या होत्या, ‘अगं, घरचंच तर काम, त्याचे कसले पैसे?’ त्यावर त्यांच्याच सुनेनं विचारलं, ‘आत्याबाई, तेच काम भट्टीवाला करतो तेव्हा तुम्ही त्याला घडणावळ देता की नाही?’ आजी हसल्या, आणि त्या दिवसापासून वहीत मजुरीचा रकाना आला.

भाव कमी करायचाच असेल तर मजुरी कापू नका, दुसरीकडं बघा. तूप गटातल्याच दूधवाल्या बाईकडून एकदम घ्या. दोन शेगड्यांवर दोन पातेली एकदम लावा, म्हणजे तास वाचतात. शंभर ग्रॅमची, चार वड्यांची छोटी पाकिटं करा. ज्याला 130 रुपये जड वाटतात तो पाकीट सहज उचलतो, आणि शाळा सुटताना तीच पाकिटं खपतात. आणि एक, घरगुती गॅस सिलिंडर धंद्यासाठी वापरायचा नसतो. ऑर्डरी नियमित सुरू झाल्या की व्यावसायिक सिलिंडर घ्या आणि तो खर्च हिशोबात धरा.

डबा बंद करण्याआधी

खाण्याचा पदार्थ विकायचा तर नोंदणी लागते. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 सालचा आहे आणि तो घरून विकणाऱ्यांनाही लागू आहे. छोट्या उद्योगासाठी साधी नोंदणी असते, अर्ज ऑनलाइन भरतात, आणि 14 अंकी क्रमांक मिळतो. तो डब्यावर छापायचा. आपले सरकार सेवा केंद्रात चौकशी करा. कुणी मध्यस्थ हजारो रुपये मागत असेल तर आधी सरकारी फी किती ते विचारून घ्या.

लेबलवर काय काय हवं ते लिहून घ्या. पदार्थाचं नाव. घटकांची यादी, ज्याचं वजन जास्त ते आधी. निव्वळ वजन. केल्याची तारीख आणि कधीपर्यंत खावं ती तारीख. बॅच क्रमांक. किंमत. गटाचं नाव, पत्ता, संपर्क. नोंदणी क्रमांक. शाकाहारी असल्याची खूण, म्हणजे हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका. आणि यात गहू, दूध, सुकामेवा आहे, हे स्पष्ट लिहा. काहींना या वस्तूंचं वावडं असतं आणि त्रास जिवावर बेतू शकतो.

किती दिवस टिकते हे दुसऱ्याचं लेबल बघून लिहू नका. स्वतः तपासा. पहिल्या घाण्यातले सहा डबे बाजूला ठेवा आणि दर पाच दिवसांनी एक उघडा. वडी मऊ पडली का? तुपाला खवट वास येतो का? ज्या डब्यात थोडासा फरक जाणवेल त्याच्या बरेच दिवस आधीची तारीख लेबलवर घाला. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा ही तपासणी पुन्हा करा. आणि वडी पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका. कोमट वडीची वाफ आत राहिली की बुरशीला आमंत्रणच.

आता मैत्रिणींनो, यंदाच्या दिवाळीला करायचं काय ते सांगते. पुढच्या बैठकीला एकीनं पातेलं आणावं, एकीनं वजनकाटा, बाकीच्यांनी मूठमूठ सामान. पहिला घाणा घरच्या पोरांसाठी. त्यांच्या तोंडाकडं बघून चव कळते, त्यांना खोटं बोलता येत नाही. दुसरा घाणा वजन करून, वेळ लावून. किती वाजता बसलात आणि किती वाजता उठलात ते लिहा. तिसऱ्या घाण्याला वहीत पाच रकाने आखा : सामान, इंधन, डबा-लेबल, किरकोळ आणि मजुरी. पाचवा रकाना भरल्याशिवाय भाव सांगायचा नाही, मग समोर जाऊबाई असोत नाहीतर सरपंचबाई.

भरलेल्या वह्या घेऊन या. पुढच्या कार्यक्रमात तुमचे आकडे वाचून दाखवीन, कुठं वाचवता येईल ते सगळ्या मिळून बघू. तोवर तूप घट्ट ठेवा, आच मंद ठेवा. नमस्कार.